तार कोणाच्या घरावरून गेली

जपानमधल्या एका गृहस्थाशी माझं जे बोलणं झालं ते सगळंच्या सगळं इथे देते, म्हणजे बाई काहीतरी लपवतेय असं पुढे कोणाला वाटायला नको. तो म्हणाला, उणे एकोणीस. मी म्हणाले, उणे चौदा. तो म्हणाला, मिळालं. मग दोघांनीही त्र्याहत्तर म्हटलं, म्हणजे आमच्या भाषेत रामराम, आणि संपलं. एवढ्यासाठी मी सकाळचा स्वयंपाक उरकून, स्कूटरवर बोजा बांधून डहाणूहून तलासरीच्या पलीकडच्या माळावर गेले होते. येताना इतकी खुशीत होते की चारोटीला थांबून पेढे घेतले. "जपानला फोन करायचा होता तर माझ्या मोबाइलवरून करायचास," असं आमचे हे पेढा तोंडात टाकत म्हणाले.

यांचं डहाणू स्टेशनाजवळ वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, त्यामुळे जगातलं सगळं ज्ञान आपल्याकडे विकायला आहे असं त्यांना वाटतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. उमेदीची वर्षं लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. मासळीवालीचं मुंबईच्या ससून डॉकवरच्या व्यापाऱ्याशी, चिकूवाल्याचं दिल्लीच्या दलालाशी, सासूचं दुबईच्या जावयाशी. सगळे बेंबीच्या देठापासून ओरडायचे. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता आपणही कोणाशी तरी बोलावं. म्हणून या वयात परीक्षा देऊन रेडिओचं लायसन काढलं. सरकारी भाषेत त्याला हौशी म्हणतात. हा शब्द आमच्या ह्यांना फारच आवडला. घरी पाहुणे आले की "आमची ही हौशी आहे" अशी ओळख करून देतात.

माझं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. त्याला एक बॅटरी, एक लॅपटॉप आणि झाडाला बांधायची लांब तार. ताकद म्हणाल तर देवघरातल्या छोट्या दिव्याइतकी. एवढ्याशा ताकदीने पाठवलेला आवाज जपानला पोचेपर्यंत इतका बारीक होतो की कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही, नुसती खरखर. त्या खरखरीच्या ढिगाऱ्याखालून लॅपटॉप दोन-चार आकडे-अक्षरं उकरून काढतो. आपण गोंगाटात किती खोल पुरले गेलोय, त्याचं माप म्हणजे ते उणे एकोणीस. जगभर माझ्यासारखे हजारो लोक बसलेत आणि एकमेकांना एवढंच सांगतात, की तू मला जेमतेम ऐकू येतोस. त्यापुढे कोणीही काही बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला यात नवीन काही वाटलं नाही.

आधी मी तार आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर लावली होती. सेक्रेटरींच्या टीव्हीवर मालिकेच्या ऐन वेळी मुंग्या यायला लागल्या. त्या माझ्यामुळे नाहीत, त्यांच्या केबलवाल्यामुळे आहेत, हे मी कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी आकृती नीट पाहिली आणि तार काढायला सांगितली. तेव्हापासून माझी वरात माळावर.

तो माळ मी शोधून काढला तो शांततेसाठी. तिथे विजेचा गोंगाट कमी. गुजरात इतकं जवळ की मोबाइल दर अर्ध्या तासाने आपलं गुजरातीत स्वागत करतो. माळाच्या कडेला एक ताड, खाली उतारावर एक आंबा आणि एक मोह. त्यांच्याखाली अंगण, अंगणाच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन घरं, आणि मागे पाडा. पहिल्या दिवशी मी तारेचं एक टोक ताडाला बांधलं, दुसरं आंब्याला, आणि खाली चटई टाकून लॅपटॉप उघडला. थोड्या वेळात जपान मिळालं, आणि खुशीत मागे वळून बघते तर एक म्हातारी यंत्रापासून तारेकडे जाणाऱ्या माझ्या केबलवर बसलेली. शेजारी नाही, केबलवर.

"मोजणी करतेस?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. रेडिओ आहे."

"मग गाणी लाव."

"याच्यावर गाणी लागत नाहीत."

"बातम्या?"

"बातम्यापण नाही."

"मग रेडिओ कसला?" ती म्हणाली. प्रश्न रास्त होता.

मी तिला सगळं खरं खरं सांगितलं. इथून लांब जपान आहे, तिथे एक माणूस बसलाय, तो मला ऐकतो. काय बोलतो? उणे एकोणीस. तू काय बोलतेस? उणे चौदा. मग? मग रामराम. मावशीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. उन्हानं लाल झालेलं माझं तोंड, पांढरे केस, पायातले बूट, सगळं पाहिलं. मग म्हणाली, "खोटा बोलायचा तर नीट तरी बोल, बाय. शिकलेली दिसतेस."

तिची काय चूक? त्या वर्षी तिकडून एक मोठा रस्ता जाणार अशी बोलवा होती. कुठून जाणार हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या पाड्यांवर दुर्बिणी आणि तिकाटणी घेऊन माणसं येऊन गेली होती. अशा दिवसांत शहरातली बाई तार घेऊन येते, झाडाला ताणते, कॉम्प्युटरमध्ये आकडे बघते आणि विचारलं की जपान सांगते. मीही विश्वास ठेवला नसता.

मावशीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. समोरासमोरच्या दोन घरांतलं उजवीकडचं तिचं, डावीकडचं तिच्या दिराचं. तिचं घर तिनं नवरा गेल्यावर बांधलं होतं. चिकूच्या वाड्यांत मजुरी करून आधी एक भिंत, मग दुसरी, मग कौलं. "माझा घर ऱ्हाईल का जाईल, तेवढा सांग," ती म्हणाली. "मग उठते." मी म्हणाले, मला माहीत नाही. ती म्हणाली, "माहीत नाय तर मग तार माझ्या घराकडं का दाखवते?" मी वर पाहिलं. ताडापासून आंब्यापर्यंतची तार तशीच पुढे नेली असती, तर खरंच तिच्या कौलांवरून गेली असती.

ती संध्याकाळपर्यंत केबलवर बसून होती. मधे एकदा पाणी आणून दिलं आणि परत येऊन बसली.

पुढच्या खेपेला मला युरोपची हौस आली. जपान झालं, आता जर्मनी-इटलीकडचं कोणीतरी मिळावं, म्हणून तार फिरवायचं ठरवलं. पुस्तक सांगतं की इतक्या कमी उंचीवर तार कशीही ताणा, फारसा फरक पडत नाही. पण पुस्तकाचं ऐकलं तर हौस कसली? मी आंब्याकडचं टोक सोडायला गेले, तर मावशी आधीच तिथे उभी.

"बाय, तार माझ्या घरावरून काढ गो. तिकडं ने."

"न्यायचीच आहे मावशी, तिकडेच नेतेय."

आणि मी तिच्या डोळ्यांदेखत ते टोक आंब्यावरून सोडून मोहाला बांधलं. त्या दिवशी मला युरोपातलं कोणी मिळालं नाही. पण रस्ता मात्र मी हलवला होता. हे मला त्यानंतरच्या वेळी कळलं.

कारण त्या वेळी माझ्यासाठी माळावर प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. चहा आला, सोबत बिस्किटं. ज्या बाईला गच्चीवर उभं राहू देत नाहीत, तिला इथे मॅडम म्हणत होते. पाड्यातला एक रिक्षावाला तर सकाळचा धंदा सोडून थांबला होता. त्याची पडीक जमीन होती. ती रस्त्यात जावी, चार पैसे मिळावेत, अशी त्याची इच्छा. "मॅडम, सगळे म्हणतात तुम्ही लाइन बदलली," तो अदबीनं म्हणाला. "मग जरा आमच्याकडे ओढा ना. झाड नाही, पण बांबू मी देतो. पाहिजे तेवढा उंच."

मी त्याला सांगितलं, ही रस्त्याची लाइन नाही. तो समजुतीनं हसला. सरकारी माणूस नाहीच म्हणणार.

मावशीचा दीर मात्र खुर्चीपासून लांब, आपल्या ओट्यावर बसून होता. वाळका, मिश्कील माणूस. आयुष्यभर उंबरगावकडच्या कारखान्यांत हमाली केलेली. मोहाकडे गेलेल्या तारेकडे त्यानं पाहिलं, मग आपल्या छपराकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "बाय, आता माझ्यावर आली का?" सगळे हसले. मावशी हसली नाही. ती उठून घरात गेली.

आता माझं डोकं फिरलं. हे असं चालू द्यायचं नाही म्हणून मी एक शक्कल काढली. पुढच्या वेळी आमच्या ह्यांना साक्षीदार म्हणून घेऊन गेले. नवरा सांगेल तर पटेल लोकांना, दुसरं काय? पण घोडचूक झाली. हे आले ते पांढरा शर्ट घालून, इस्त्री केलेला, आणि परतीच्या वाटेवर कोणा मास्तरांना द्यायची म्हणून दुकानातली एक जाडी फाइल काखेत मारून. यांना पाहताच सगळा पाडा उभा राहिला. यांनी खुर्चीत बसून मोठ्या मनानं सांगितलं, "अहो, हिचं काही मनावर घेऊ नका. हिला यातलं काही कळत नाही. हा सगळा टाइमपास आहे." रिक्षावाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मोठे साहेब सगळीकडे असंच बोलतात."

जाताना यांना पपनस, पडवळ आणि कोंबडीची अंडी मिळाली. स्कूटरवर मागे बसून हे म्हणाले, "माणसं फार चांगली आहेत. तू उगाच रागावतेस."

कानाला खडा लावला आणि काही दिवस तिकडे फिरकले नाही. मग पाऊस लागला, माळावर गुडघाभर गवत, यंत्र कपाटात. भातकापणी झाल्यावर मात्र राहवेना. उणे एकोणीस ऐकल्यावाचून करमत नाही अशी अवस्था झाली होती. पिशवी बांधली आणि गेले.

खुर्ची नव्हती. कोणी आलं नाही. ताडाखाली उभं राहून पाहिलं, तर उतारावर थोड्या थोड्या अंतरावर दगड रोवलेले, डोकी पिवळ्या रंगानं रंगवलेली. मोजायला कोण आलं होतं ते कोणालाच धड सांगता येईना. मध्यंतरी दोन-तीन दिवस आकाशात काहीतरी घोंघावत फिरत होतं म्हणे, मोठ्या माशीएवढं. उंटावरून शेळ्या हाकणारे आम्ही पूर्वी पाहिले होते. आता उंटही लागत नाही. मग एक दिवस पोरं दगड रोवून गेली, आणि त्यांनाही विचारून काही उपयोग नव्हता.

दगडांची ओळ, म्हणजे रस्त्याची हद्द, अंगणाच्या बरोबर मधून गेली होती. दिराचं घर रस्त्यात. मावशीचं घर बाहेर, सहीसलामत.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, ती ही अशी. पण हे सांगायचं कोणाला? दीर ओट्यावर बसला होता. मला पाहून त्याच्या तोंडावर तेच हसू. "ये गो बाय. वहिनीनं माझा घर जपानला धाडला, ऐकलास ना?" मला हसावं की रडावं कळेना. मी त्याच्यापाशी बसले. त्याचं सगळं ठरलं होतं. वाणगावला लेक दिलेली आहे, तिच्याजवळ जागा बघायची, पैसे येतील त्यात खोली बांधायची. स्टेशन जवळ, बाजार जवळ. "मला काय, मी सुटलो," तो म्हणाला. मग समोरच्या घराकडे न बघता, आवाज खाली करून म्हणाला, "ती नीट जेवत नाय. मी मस्करी करतो तर अजूनच नाय जेवत. तू काहीतरी सांग तिला."

मावशी चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती. मला पाहून तिनं पाट सरकवला, म्हणजे घालवून देणार नव्हती. मी बसले आणि सांगायला लागले. एक्स्चेंजमध्ये रागावलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे तसं, शांतपणे, एक एक गोष्ट. रस्ता कुठून न्यायचा ते लांब कुठेतरी कचेरीत ठरतं. त्यांना माझी तार दिसलेलीही नाही. माझी तार आणि तुमचं घर यांचा संबंध नाही. माझ्या तारेचा रस्त्याशी संबंध नाही. खरं सांगायचं तर तार आंब्याला बांधली काय आणि मोहाला बांधली काय, माझ्या यंत्रालासुद्धा त्याचा काही फरक पडत नाही. मी उगाच फिरवली. हौस म्हणून.

तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. जन्मात मला इतकं नीट कोणी ऐकलं नसेल. मग म्हणाली, "तू चांगली हायेस, म्हणून असा बोलतेस."

"मावशी, खरंच सांगतेय."

"मीच बोलले ना तुला, माझ्या घरावरून काढ. तिकडं ने. तिकडं कोण हाय ते काय मला माहीत नव्हता?" तिनं एक लाकूड उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. "तुझे काका गेले तेव्हा माझ्या भिंतीला गारा यानं लावला. मला ताप आला की यानं पेज दिली. याची बायको मेली तेव्हा मी दिली. रोज सकाळी उठते, दार उघडते, तो समोर बिडी ओढत बसलेला असतो. आम्ही काय बोलत नाय. कशाला बोलायचा? दिसतो तेवढा पुरे."

मला एकदम राग आला. कोणावर ते सांगता येत नाही, कारण तिथे आम्ही दोघीच होतो. आणि रागाच्या मागोमाग रडू आलं, ते मी आवरलं नाही.

"तार परत फिरव," ती म्हणाली.

"अहो, पण मग तुमचं घर जाईल ना," मी म्हणाले. आणि म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं की मी काय बोलले. इतका वेळ जे नाही, नाही म्हणून ओरडत होते, ते मी एका वाक्यात कबूल करून बसले होते.

मावशीच्या ते ध्यानातही आलं नाही. तिचा विचार आधीच झालेला होता. "नुसती फिरवू नको. दोन्ही घरांवर टाक. जायचा तर दोघांचा जाऊ दे, ऱ्हायचा तर दोघांचा ऱ्हाऊ दे. मी एकटी या अंगणात ऱ्हाऊन कोणाचा तोंड बघू?"

मी शिकलेली बाई. परीक्षा दिलेली, लायसन काढलेलं. मी उठले आणि पिशवीतून तार काढली. माझ्या तारेला दोन हात असतात, दोन्ही एका रेषेत ताणायचे असतात. तशी ती कोणी बांधत नाही, पण मी तिचा मधला भाग ताडाला बांधला, एक हात आंब्याकडे नेला आणि दुसरा मोहाकडे. मोहाची गाठ मावशीनं स्वतः मारली. दोनदा ओढून पाहिली. दीर ओट्यावरून उठून अंगणात आला, डोक्यावरून दोन्हीकडे गेलेल्या तारेकडे बघत उभा राहिला, आणि या वेळी त्यानं मस्करी केली नाही.

यंत्र मी पिशवीतून बाहेरच काढलं नव्हतं. त्याची आठवणही झाली नाही. आम्ही तिघं तारेखाली उभे होतो.

"पोचला?" मावशीनं विचारलं.

"पोचलं," मी म्हणाले.